मिरपेसेतवरचे तळे : इस्रायलच्या पाणवनस्पती आणि आपण



पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा या बाजूच्या गावांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना तळे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तळ्यात कमळे, काठाला पाणकणीस, विहिरीजवळच्या ओलीत अळू, हे सर्व आपोआप वाढत असे. त्याची कोणी मुद्दाम लागवड केली नाही आणि त्याचे कोणाला कौतुकही वाटले नाही. पाऊसच एवढा पडे, की पाण्यातली झाडे ही काही जपण्याची गोष्ट आहे असे मनात येत नसे.

इस्रायलला आल्यावर आपली समजूत नेमकी उलटी झाली. हा देश कोरडा, इथे पाणी मोजून वापरायचे, तेव्हा पाण्यात वाढणाऱ्या झाडांचे इथे काय काम, असे आपण धरून चाललो. ही समजूत अर्धीच खरी आहे. या देशालाही स्वतःच्या दलदली होत्या, स्वतःची कमळे होती आणि त्यांतली काही अजून तग धरून आहेत. ती आपल्या मिरपेसेतवर एका टबात किंवा इमारतीच्या बागेतल्या छोट्या तळ्यात कशी वाढवावी, हे या लेखात सांगायचे आहे. ते का वाढवावे, हे आधी सांगतो.

हुलाची गोष्ट

गालीलच्या उत्तरेला हुलाचे खोरे आहे. तिथे एके काळी सरोवर होते आणि त्याच्या वरच्या अंगाला पपायरसची मोठी दलदल होती. शेतीसाठी जमीन हवी होती आणि मलेरियाची भीती पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात बसली होती. म्हणून केरेन कायेमेतने १९५१ ते १९५८ या काळात कालवे खणून ते पाणी काढून टाकले. त्या वेळी सर्व देशाला हे मोठे काम वाटले आणि करणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता.

परंतु दलदलीखालची माती वाळल्यावर ती खचू लागली, धूळ होऊन उडू लागली, मध्येच आतल्या आत पेटूही लागली. तिच्यातली द्रव्ये वाहून किनेरेतच्या पाण्यात जाऊ लागली. काही लोकांनी आधीच आरडाओरडा केल्यामुळे एक तुकडा राखून ठेवलेला होता. तोच १९६४ साली इस्रायलचे पहिले निसर्गराखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पुढे १९९४ साली खोऱ्यातल्या काही जमिनीवर पुन्हा पाणी सोडले. त्या जागेला आगमोन म्हणतात आणि हिवाळ्यात हजारो क्रौंच पक्षी तिथे उतरतात.

हुलाचा एक बेडूक होता, पोटावर काळा रंग आणि त्यावर पांढरे ठिपके असलेला. तो जगातून नाहीसा झाला असे १९९६ साली जाहीर केले गेले, आणि २०११ साली तो त्याच हुलाच्या राखीव भागात जिवंत सापडला. जरा ओल आणि थोडी झाडी राखली होती, तेवढ्यावर तो टिकून राहिला.

दुसरी गोष्ट यार्कोन नदीची. तिच्या उगमाचे पाणी नळांतून दक्षिणेकडे नेणारी यार्कोन-नेगेव योजना १९५५ साली सुरू झाली. नेगेवची शेते आणि नवी गावे त्या पाण्यावर उभी राहिली, आणि नेगेवच्या गावांत आपलेही पुष्कळ लोक वसले. इकडे नदीचा प्रवाह मात्र रोडावला. खालच्या भागात घाण पाणी आले आणि नदीतली पिवळी कमळे वरच्या स्वच्छ पट्ट्यापुरती उरली. म्हणजे या देशाच्या पाणवनस्पतींनी आपल्यासाठी जागा सोडली आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. त्यांना थोडी जागा परत देणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

इथल्या मातीतल्या म्हणजे कोणत्या?

देशी झाड म्हणजे जे त्या जागी माणसाने आणल्याशिवाय वाढत आले आहे ते. हे जागेवर अवलंबून असते. एक उदाहरण पाहा. हिब्रूत 'शनीत गेदोला' म्हणतात ते जांभळ्या तुऱ्यांचे झाड इथल्या ओढ्यांच्या काठचे मूळ रहिवासी आहे. तेच झाड अमेरिकेत नेले गेले आणि तिथे माजून दलदलीच्या दलदली गिळून बसले. इथे ते सभ्य शेजारी, तिथे ते घुसखोर.

आपल्याला याचे उलटे उदाहरण चांगले माहीत आहे. कल्याणची उल्हास नदी किंवा पुण्याकडच्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली. अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. पाण्यावर गालिचा पसरला की खाली उजेड जात नाही, हवा जात नाही, मासे मरतात. इथे बागेच्या तळ्यासाठी कोणी जलपर्णी फुकट देऊ केली, तरी घेऊ नये.

आता इथली झाडे एकेक पाहू.

निळे कमळ, हिब्रूत 'नीम्फेआ तेखुला'. आपल्याकडच्या तळ्यांतल्या कुमुदाचे हे अगदी जवळचे नातेवाईक. पाने गोल, पाण्यावर पसरलेली. फूल फिकट निळे आणि सुवासिक. सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते, आणि एकच फूल असे तीन-चार दिवस उघडझाप करते. इस्रायलमध्ये ते आता रानात फार थोड्या जागी उरले आहे. टबासाठी सर्वांत योग्य हेच.

पिवळे कमळ, 'नुफार त्साहोव'. फूल लहान, वाटीसारखे, पाण्याच्या वर डोके काढून उभे राहणारे. हुला आणि यार्कोनचे हे झाड. त्याचे मूळखोड हाताएवढे जाड होते आणि त्याला खोल पाणी लागते, म्हणून ते टबात सुखी नसते. इमारतीच्या किंवा क्लबाच्या बागेत अर्धा मीटरहून खोल तळे असेल तर मात्र जरूर लावावे.

पपायरस, 'गोमे'. शेमोतच्या पुस्तकात मोशे रब्बेनूंच्या आईने बाळासाठी जी पेटी केली ती गोमेची. आणि ती पेटी तिने नदीकाठी ज्यात ठेवली ते 'सूफ'. आजच्या हिब्रूत सूफ म्हणजे आपले पाणकणीस. दरवर्षी पेसाहच्या आसपास आपण ही गोष्ट ऐकतो, पण ती झाडे डोळ्यांनी पाहिलेली असतातच असे नाही. गोमे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्याच कुळातला, फक्त उंचीने राक्षस. दलदलीत तो तीन-चार मीटर जातो, टबात मात्र माणसाच्या उंचीच्या आसपास राहतो.

बोरू, 'काने'. नदीकाठी सगळीकडे दिसणारे उंच गवत. माणसाने देवदारासारखे ताठ न राहता बोरूसारखे लवचिक असावे, आणि म्हणूनच तोरा लिहिण्याची लेखणी होण्याचा मान बोरूला मिळाला, अशी तालमूदात शिकवण आहे. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत बोरू तासून कित्ता गिरवला आहे, त्यांना हे लगेच पटेल. तुकाराम महाराजांनी लव्हाळ्याबद्दल जे सांगितले तेही याच अर्थाचे. पण शिकवण कितीही चांगली असली, तरी बोरू आणि पाणकणीस टबात लावू नये. दोन्हींची मुळे फार आक्रमक असतात आणि वर्षभरात बाकी सर्वांना हुसकून लावतात.

शनीत गेदोला. वर सांगितलेले जांभळे तुरे. उन्हाळाभर फुलते, मधमाश्या आणि फुलपाखरे येतात. मुळाशी ओल एवढेच त्याचे मागणे.

ओढ्याकाठचा पुदिना, 'नाना मेशुबेलेत'. पाने लांबट, वास तीव्र. चहात गवती चहाबरोबर दोन पाने टाकावी. ज्या टबात औषधाची गोळी किंवा खत घातले असेल, त्यातली पाने मात्र खाऊ नयेत. चहासाठी पुदिना वेगळ्या कुंडीत, खाली पाण्याची थाळी ठेवून लावावा. त्या थाळीतले पाणी दर आठवड्याला बदलावे.

कर्नान. हे सबंध पाण्याखाली राहते आणि मांजराच्या शेपटीसारखे दिसते. याला मुळेच नसतात, मूठभर पाण्यात सोडले की झाले. पाणी स्वच्छ राखण्याचे खरे काम हेच करते.

टब कसा मांडावा

एक. साठ लिटरच्या आसपासचा, बूड न गळणारा, गडद रंगाचा प्लॅस्टिकचा टब घ्यावा. खोली चाळीस सेंटीमीटर असली की पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेला टब एका माणसाच्या वजनाचा होतो. एवढ्याने मिरपेसेतला धोका नाही. त्याहून मोठा टब ठेवायचा असेल तर आधी वाद बायितला विचारावे. टब आधी जागेवर ठेवावा आणि मग तांब्याने किंवा नळीने भरावा. भरलेला टब सरकवण्याचा प्रयत्न आपल्या वयात करू नये.

दोन. कमळाला रोज पाच-सहा तास ऊन हवे. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची मिरपेसेत उत्तम. सावलीत पाने येतील, पण फुले येणार नाहीत.

तीन. कमळ टबाच्या तळाशी थेट लावू नये. चार-पाच लिटरच्या पसरट कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात बुडवावी. माती जड, चिकण हवी. बाजारातली पिशवीतली हलकी माती वापरली तर ती तरंगून वर येते आणि पाणी चहासारखे होते. कोंब मातीच्या पातळीवर उघडा ठेवावा आणि मातीवर दोन सेंटीमीटर बारीक खडी पसरावी.

चार. सुरुवातीला कुंडीखाली विटा ठेवून कोंबावर दहा सेंटीमीटरच पाणी येईल असे करावे. पाने वाढतील तशी एकेक वीट काढून कुंडी खाली न्यावी. शेवटी वीस-तीस सेंटीमीटर पाणी वर राहिले की बरोबर. हे काम नातवंडांकडून करून घ्यावे, त्यांनाही गंमत वाटते.

पाच. काठाचे झाड, म्हणजे शनीत, वेगळ्या कुंडीत लावून विटांवर इतके उंच ठेवावे, की पाणी मातीच्या जेमतेम वर राहील. मग कर्नान सोडावे. साठ लिटरच्या टबात एक कमळ, एक काठाचे झाड आणि मूठभर कर्नान, एवढेच. गोमे हवा असेल तर त्याला निराळा टब द्यावा.

सहा. नळाचे पाणी भरल्यावर एक दिवस तसेच राहू द्यावे आणि मग झाडे सोडावी. लावणीचा काळ पेसाह झाल्यावर शावुओतपर्यंत. शमितेच्या वर्षी लावणी करण्याआधी आपल्या रब्बींना विचारावे.

पहिले तीन-चार आठवडे पाणी हिरवे होईल. घाबरून ते ओतून टाकू नये. पाणी बदलले की शेवाळाला नवे अन्न मिळते आणि पुन्हा तेच होते. कमळाच्या पानांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की ऊन खाली पोचत नाही आणि पाणी आपोआप निवळते. तांदूळ धुतलेले पाणी, भाजीचे पाणी टबात ओतू नये. कुंडीतल्या गुलाबाला ते चालते, तळ्याला चालत नाही.

उन्हाळ्यात पाणी रोज थोडे उतरते, बेएर शेवा आणि दिमोनाच्या बाजूला जास्तच. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधी टब काठोकाठ भरून ठेवावा, म्हणजे शब्बातला हात लावावा लागत नाही. हिवाळ्यात निळे कमळ झोपी जाते, पाने कमी होतात, कधी सर्व गळतात. ते मेले असे समजून फेकू नये. पिकलेली पाने काढावी, पाणी राखावे. वसंतात ते पुन्हा फुटते.

डास : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

हा भाग कोणी वगळू नये. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात. इस्रायलमध्ये डासांमुळे पश्चिम नाईलचा ताप पसरतो. तरुणांना तो बहुधा जाणवतही नाही, पण वृद्धांच्या मेंदूपर्यंत तो पोचू शकतो आणि जिवावर बेततो. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याची मोठी साथ आली होती. दिवसा चावणारा, पट्ट्यापट्ट्यांचा टायगर डासही २००२ पासून या देशात आहे, त्याला तर बाटलीच्या झाकणाएवढे पाणी पुरते. तेव्हा टब ठेवायचा तर बंदोबस्त करूनच ठेवायचा.

मुंबईच्या विहिरींत आणि टाक्यांत नगरपालिका गप्पी मासे सोडत असे, हे आपल्याला आठवत असेल. इथे ब्रिटिश अमलात, १९२० च्या दशकात, मलेरियासाठी गाम्बुसिया नावाचा अमेरिकन मासा आणला गेला. त्याने डासांच्या अळ्या खाल्ल्या, पण त्याबरोबर बेडकांची पिल्ले आणि इथल्या लहान माशांची अंडीही खाल्ली. म्हणून गप्पी काय किंवा गाम्बुसिया काय, टबातले मासे ओढ्यात, तळ्यात किंवा पावसाळी डबक्यात कधीही सोडू नयेत.

मासे न ठेवताही उत्तम उपाय आहे आणि तो याच देशात सापडलेला आहे. १९७६ साली प्राध्यापक योएल मार्गालित नेगेवमध्ये डासांचा शोध घेत हिंडत होते. एका डबक्यात त्यांना डासांच्या अळ्या मोठ्या संख्येने मेलेल्या दिसल्या. त्यांना मारणारा जिवाणू पुढे वेगळा काढला गेला आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'इस्रायलेन्सिस' हा शब्द आला. तो बीटीआय या नावाने आज जगभर वापरतात. तो डासांच्या अळ्या मारतो, पण मासे, बेडूक, पक्षी आणि माणसे यांना अपाय करत नाही. त्याच्या गोळ्या किंवा दाणे मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाने आणि तेवढ्याच दिवसांच्या अंतराने एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत टाकाव्या.

शिवाय दर आठवड्याला एक वार ठरवून टबात वाकून पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळण्याने काढाव्या, ते गाळणे मग चहाला वापरू नये. मिरपेसेतवरच्या इतर कुंड्यांखालच्या थाळ्या, बादल्या, जुने डबे त्याच दिवशी ओतून टाकावे. खरे तर डास तळ्यापेक्षा या विसरलेल्या थाळ्यांतूनच जास्त येतात.

दुसरा धोका लहान मुलांचा. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल हातभर पाण्यातही बुडू शकते, आणि ते ओरडत नाही. पणतवंडे घरी येत असतील तर टबावर मजबूत जाळी पक्की बसवावी, आणि मूल असेपर्यंत मिरपेसेतचे दार बंद ठेवावे.

झाडे कुठून आणावी

रानातून आणू नयेत. निळे आणि पिवळे कमळ ही दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. यार्कोनमधून एक गड्डा उपटून आणणे हा गुन्हाही आहे आणि उरलेल्यातून चोरीही. मिश्तालात जाऊन 'त्सिमहेई बार', म्हणजे रानातली देशी झाडे, मिळतात का असे विचारावे. नुसते 'नीम्फेआ' मागितले तर बहुधा परदेशी रंगीबेरंगी संकर हातात देतात. म्हणून नाव पूर्ण सांगावे, नीम्फेआ तेखुला. एकदा एका घरी शनीत किंवा कर्नान चांगले वाढले, की दुसऱ्या घरी द्यायला ते पुरते. सिनेगॉगमध्ये भेटल्यावर लोणच्याची बरणी देतो, तसे हेही देता येईल. फक्त जे जास्त झाले ते ओढ्यात फेकू नये, वाळवून कचऱ्यात टाकावे.

लावण्याआधी ही झाडे पाहायची असतील तर लांब जायला नको. मध्य भागातल्यांनी होद हशारोनजवळच्या यार्कोनच्या उगमापाशी जावे, तिथे नुफारांचे तळेच आहे. लोद-रामलेच्या लोकांना नेओत केदूमीम जवळ पडते, तिथे तनाखमधली झाडे लावलेली आहेत. किर्यात आताकडच्यांना एन आफेकची दलदल शेजारीच आहे. आणि नातवंडांबरोबर एक सबंध दिवस काढता येत असेल तर हुला. तिथे लाकडी पुलावरून पपायरसच्या मधून चालता येते.

एका टबाने हुला परत येणार नाही, हे आम्हालाही समजते. पण रानात जे झाड थोड्या जागी उरले आहे ते लोकांच्या घरी वाढू लागले, की त्याचे नाव आणि त्याची ओळख टिकते, आणि आपल्या नातवंडांना तोरातला गोमे पुस्तकाबाहेरही भेटतो. यंदा पेसाहची भांडी आवरून झाली, की एक टब बाजूला काढून ठेवावा. लावणी कशी झाली, निळे फूल पहिल्यांदा कधी उमलले, ते आम्हाला मराठीत किंवा हिब्रूत लिहून जरूर कळवावे.